पेट्रोलवरचे दोन आणे आणि बॅरिस्टर जयकर

पुणे विद्यापीठाच्या ग्रंथालयाला बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांचे नाव आहे. तेथे बसून अभ्यास केलेल्या अनेक पिढ्यांना जयकर म्हणजे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू एवढीच ओळख असते. इतिहासाचा थोडा व्यासंग असलेल्यांना सप्रू आणि जयकर ही जोडी आठवते, गोलमेज परिषदा आठवतात, येरवड्याच्या तुरुंगातील वाटाघाटी आठवतात. मात्र या देशात रस्त्यांसाठी स्वतंत्र निधी असावा, तो वाहने चालविणाऱ्यांकडूनच गोळा व्हावा आणि मध्यवर्ती सरकारने त्यात आपली जबाबदारी मानावी, ही व्यवस्था ज्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने घालून दिली ते हेच जयकर, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. रस्तेबांधणीच्या अभियंत्यांच्या पाठ्यपुस्तकांत जयकर समिती पहिल्या प्रकरणातच भेटते. पण तेथे तिचे अध्यक्ष कोण, कोठले, हे सांगण्याचे कारण कोणाला वाटत नाही. राजकारणाच्या ग्रंथांत जयकर भेटतात, तेथे रस्त्यांचा उल्लेख नसतो. एकाच माणसाची दोन अर्धी चरित्रे अशी वेगवेगळ्या कपाटांत पडून राहिली आहेत.

मुकुंद रामराव जयकर यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८७३ रोजी मुंबईत पाठारे प्रभू कुटुंबात झाला. मुंबईचे जुने रहिवासी असलेला हा समाज शिक्षणात आणि सरकारी नोकऱ्यांत पुढारलेला होता. घरात कायद्याचे आणि तत्त्वज्ञानाचे वातावरण होते. आजोबा वासुदेव जगन्नाथ कीर्तिकर हे नामवंत वकील आणि वेदान्ताचे अभ्यासक. त्यांच्या वेदान्तविषयक निबंधांचे संपादन पुढे नातवाने केले आणि ते पुस्तक १९२४ साली प्रसिद्ध झाले. एल्फिन्स्टन हायस्कूल, एल्फिन्स्टन कॉलेज, गव्हर्न्मेंट लॉ स्कूल अशा पायऱ्या चढून जयकर विलायतेला गेले आणि १९०५ साली बॅरिस्टर होऊन मुंबईच्या हायकोर्टात उभे राहिले. संस्कृतचा व्यासंग आणि कोर्टातील संयत युक्तिवाद यांचा मिलाफ त्यांच्यात होता. आवाज चढवून बाजू जिंकणाऱ्यांपैकी ते नव्हते.

हा स्वभाव राजकारणातही टिकला आणि त्याची किंमतही त्यांनी मोजली. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर काँग्रेसने नेमलेल्या चौकशी समितीत गांधीजी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर जयकर होते. १९२३ साली स्वराज्य पक्षातर्फे ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले आणि तेथे पक्षाचे नेते झाले. पण कायदेमंडळात जाऊन केवळ अडवणूक करावी, हे धोरण त्यांना पटेना. टिळकांच्या प्रतियोगी सहकाराचा धागा पकडून न. चिं. केळकर आणि डॉ. मुंजे यांच्यासह ते वेगळे झाले. सरकार लोकहिताचे जे करील त्यात हात द्यायचा, जे अहिताचे करील त्याला विरोध करायचा, अशी ही भूमिका होती. काँग्रेसच्या कडव्या अनुयायांना ती सरकारधार्जिणी वाटे आणि सरकारला तिचा फारसा भरवसा वाटत नसे. १९२६ च्या निवडणुकीनंतर जयकर दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात दाखल झाले ते ही भूमिका घेऊनच.

त्या दिल्लीत तेव्हा वाहतुकीचा प्रश्न कोणत्या अवस्थेत होता, हे पाहिल्याशिवाय जयकरांच्या कामाचे मोल कळणार नाही.

रेल्वे ही सरकारची लाडकी लेक होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, त्याआधीच, १८४९ साली, सरकारने विलायती कंपन्यांशी करार केले होते. भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारची. नफा कमी पडला तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरून द्यायची. कंपनीने काटकसर केली काय आणि उधळपट्टी केली काय, लंडनमधील भागधारकाचे पाच टक्के सुरक्षित होते. या हमीचा बोजा शेतसारा भरणाऱ्या रयतेवर पडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत रेल्वे हे सरकारी तिजोरीच्या दृष्टीने तोट्याचेच खाते राहिले. दादाभाई नौरोजी, पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश व्यंकटेश जोशी, नंतर गोखले, या साऱ्यांनी रेल्वेवरच्या या खर्चाची पाटबंधारे आणि शिक्षण यांच्याशी तुलना करून सरकारला जाब विचारला होता. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आज रेल्वेला अनुदान म्हटले की स्वस्त तिकिटाचा प्रवासी डोळ्यांपुढे येतो. त्या काळी अनुदान प्रवाशाला नव्हतेच, ते भांडवलाला होते. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात दाटीवाटीने बसणारा उतारूच उलट प्रवासी उत्पन्नाचा सर्वांत मोठा भाग भरत होता.

विसाव्या शतकात चित्र पालटले. रेल्वे नफा दाखवू लागली. ॲक्वर्थ समितीच्या १९२१ च्या अहवालानंतर १९२४ साली रेल्वेचे अंदाजपत्रक सर्वसाधारण अंदाजपत्रकापासून वेगळे करण्यात आले. व्यापारी मार्गांवर गुंतलेल्या भांडवलाचा एक टक्का आणि वर उरलेल्या नफ्याचा पाचवा हिस्सा रेल्वेने सरकारला द्यावा, असे ठरले. सरहद्दीवरील लष्करी मार्गांचा तोटा मात्र सरकारने सोसावा. हिशेब म्हणून ही पद्धत स्वच्छ होती. कोणी कोणाला किती दिले, हे कागदावर दिसत होते.

रस्त्यांचे तसे नव्हते. १९१९ च्या सुधारणांनी रस्ते हा विषय प्रांतांकडे गेला आणि प्रांतांनी बहुतेक रस्ते जिल्हा लोकल बोर्डांच्या गळ्यात टाकले. प्रांतांच्या तिजोऱ्या आधीच रित्या, आणि लोकल बोर्डांचे मुख्य उत्पन्न म्हणजे शेतसाऱ्यावरील लोकल फंड. अशा वेळी मोटार आली. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी आणि लॉऱ्या झपाट्याने वाढल्या. खडी आणि मुरूम दाबून केलेले जुने रस्ते बैलगाडीच्या हिशेबाने बांधलेले होते. लोखंडी धावेच्या चाकाखाली खडीचा भुगा होई, पण तो जागेवर राही आणि पावसाच्या पाण्याने बसे. वेगाने जाणारे रबरी चाक तो भुगा शोषून उडवून देऊ लागले. खडी उघडी पडली, रस्ते उखडले, दुरुस्तीचा खर्च वाढला. हा खर्च कोण भरत होते? ज्याने आयुष्यात मोटारीत पाऊल ठेवले नव्हते तो साराभरू शेतकरी. मोटार व पेट्रोल यांवरील कर मात्र मध्यवर्ती सरकारच्या तिजोरीत जात होता आणि त्यातील पैही रस्त्यांकडे वळण्याची सोय नव्हती. रेल्वेच्या हमीच्या काळात रयतेवर जो अन्याय झाला होता, त्याचीच ही दुसरी आवृत्ती होती. फरक एवढाच की या वेळी तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नव्हता.

या प्रश्नाची दखल घेत १९२७ च्या नोव्हेंबरात सरकारने दोन्ही सभागृहांच्या सभासदांची समिती नेमली. रस्ते सुधारणे इष्ट आहे काय, त्यासाठी पैसा कोठून आणावा, आणि प्रांतांच्या कामांत मेळ कसा घालावा, हे तिने पाहायचे होते. अध्यक्षपद जयकरांकडे आले.

या नेमणुकीची वेळ मोठी विलक्षण होती. त्याच महिन्यात सायमन कमिशनची घोषणा झाली. एकही हिंदी सभासद नसलेल्या या कमिशनवर बहिष्कार घालावा, असे म्हणणाऱ्यांत जयकर होते. फेब्रुवारी १९२८ मध्ये लाला लजपतराय यांनी कायदेमंडळात कमिशनविरोधी ठराव मांडला तेव्हा जयकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. म्हणजे एका समितीवर बहिष्कार आणि दुसऱ्या समितीचे अध्यक्षपद, अशी ही कसरत. टीकाकारांना हा विरोधाभास वाटला असल्यास नवल नाही. जयकरांच्या दृष्टीने मात्र प्रतियोगी सहकार तो हाच. स्वराज्य कसे द्यावे हे ठरविण्याचा अधिकार परक्यांच्या कमिशनला नाही. पण जिल्हा बोर्डाचा रस्ता उखडला आहे, तो स्वराज्य येईपर्यंत तसाच राहू द्यावा, असे म्हणण्यात देशभक्ती कोणती? असो.

१९२८ साली समितीने अहवाल दिला. त्यातील मध्यवर्ती निष्कर्ष असा होता की, रस्त्यांचा विकास आता प्रांतिक सरकारांच्या आणि स्थानिक संस्थांच्या आर्थिक कुवतीबाहेर चालला आहे, त्याला राष्ट्रीय हिताचे स्वरूप आले आहे, आणि म्हणून त्याचा काही भार मध्यवर्ती तिजोरीने उचलणे न्याय्य आहे. घटनेने प्रांतांकडे सोपविलेल्या विषयात मध्यवर्ती सरकारचा पैसा आणायचा, पण प्रांतांचा अधिकार हिरावून घ्यायचा नाही, हा खरा पेच होता. येथे जयकरांची कायदेपंडिताची बुद्धी उपयोगी पडली असावी. पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर बसवावा, त्याचे उत्पन्न सर्वसाधारण जमेत न मिसळता रस्त्यांसाठी वेगळे ठेवावे, आणि वर्षअखेरीस उरलेली शिल्लक सरकारजमा होऊ नये, अशी योजना समितीने मांडली. वाहनांवरील कर आणि भाड्याने चालणाऱ्या गाड्यांवरील परवाना शुल्क हेही रस्त्यांच्या खर्चाचे योग्य स्रोत मानले गेले. ज्याच्या चाकाने रस्ता झिजतो त्याने त्याची झीज भरावी, हे तत्त्व या देशात इतक्या स्पष्टपणे प्रथमच व्यवहारात आले.

सरकारने सूचना स्वीकारली. १ मार्च १९२९ पासून पेट्रोलवरील कर गॅलनला चार आण्यांवरून सहा आणे झाला आणि मध्यवर्ती रस्ता निधी अस्तित्वात आला. प्रारंभी ही व्यवस्था पाच वर्षांपुरती होती. निधीचा दहावा हिस्सा संशोधन, प्रयोग आणि खास कामांसाठी मध्यवर्ती सरकारने राखून ठेवायचा आणि बाकीचा प्रांतांना व संस्थानांना पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात वाटायचा, असे ठरले. या वाटपात एक वैगुण्य होते आणि ते झाकण्याचे कारण नाही. खपाच्या प्रमाणात वाटप म्हणजे जेथे मोटारी अधिक तेथे पैसा अधिक. मुंबई आणि बंगालसारख्या सधन प्रांतांना त्याचा लाभ झाला. ज्या प्रदेशांत रस्तेच नसल्यामुळे मोटारी नव्हत्या, त्यांच्या वाट्याला त्या मानाने थोडकेच आले. रस्ते हे राष्ट्रीय हित मानायचे आणि वाटप मात्र ज्याचे त्याला या न्यायाने करायचे, यातील विसंगती समितीच्या ध्यानी आली नसेल असे नाही. पण प्रांतांची संमती मिळवायची तर त्या वेळी दुसरा मार्ग सोपा नव्हता.

अहवालातील आणखी दोन बीजे कालांतराने रुजली. रस्ते अभियंत्यांनी एकत्र येऊन अनुभवांची देवाणघेवाण करावी, या सूचनेतून डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. रस्त्यांच्या शास्त्रीय संशोधनासाठी मध्यवर्ती संस्था असावी, ही सूचना मात्र जवळजवळ पाव शतक पडून राहिली. दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था १९५२ साली सुरू झाली.

निधी सुरू झाला त्याच वर्षी जगावर मंदी कोसळली. रेल्वेची मालवाहतूक घटली, उत्पन्न घसरले, आणि १९३१-३२ पासून सरकारला द्यायचा हिस्सा देणेही तिला अशक्य झाले. आतापर्यंत ज्या मोटारीकडे रेल्वेने उपेक्षेने पाहिले होते, ती एकाएकी प्रतिस्पर्धी भासू लागली. बसवाले जवळच्या पल्ल्याचे उतारू ओढून नेत आहेत, अशी ओरड सुरू झाली. मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांनी पाहणी करून १९३३ मध्ये जो अहवाल दिला, त्यात या स्पर्धेमुळे रेल्वेचे वर्षाला सुमारे दोन कोटी रुपयांचे नुकसान होत असल्याचा अंदाज होता. पक्क्या रस्त्यांपैकी बऱ्याचशा रस्त्यांची धाव लोहमार्गाला समांतरच आहे, हेही त्यात निदर्शनास आले. त्याच वर्षी सिमल्याला रेल्वे आणि रस्ते यांच्या समन्वयासाठी परिषद भरली. सरकारचे स्वतःचे कोट्यवधी रुपये रेल्वेत अडकलेले. तेव्हा रस्त्यावर पैसा खर्च करणे म्हणजे आपल्याच दुकानासमोर दुसऱ्याचे दुकान थाटून देणे, असा विचार करणारे सरकारात होते. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने बस आणि लॉऱ्यांवर परवान्यांची जी बंधने आली, त्यांमागे रेल्वेच्या रक्षणाचा हेतू स्पष्ट दिसतो.

जयकर तोवर या विषयापासून दूर गेले होते. १९२८ च्या अखेरीस कलकत्त्याच्या सर्वपक्षीय परिषदेत त्यांनी जिनांच्या दुरुस्त्यांना ठाम विरोध केला. पुढे घडलेल्या इतिहासाच्या प्रकाशात या विरोधाची चिकित्सा वारंवार झाली आहे आणि ती होणे योग्यच आहे. तडजोडीसाठी ख्यात असलेल्या या माणसाने तडजोड नाकारली असा हा प्रसंग. १९३० मध्ये सविनय कायदेभंग ऐन भरात असताना सर तेजबहादूर सप्रू यांच्यासह त्यांनी येरवड्यात गांधीजींशी आणि नैनीच्या तुरुंगात नेहरू पितापुत्रांशी बोलणी केली. ती फिसकटली, तरी १९३१ च्या गांधी–आयर्विन कराराच्या खटपटीत ही जोडी पुन्हा पुढे होती. गोलमेज परिषदांना ते गेले आणि १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ साली नव्याने स्थापन झालेल्या फेडरल कोर्टाच्या तीन न्यायाधीशांत त्यांची नेमणूक झाली आणि १९३९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर ते लंडनला गेले.

घटना समितीत ते मुंबईतून निवडून आले. डिसेंबर १९४६ मध्ये नेहरूंनी ध्येयांचा ठराव मांडला तेव्हा मुस्लिम लीग आणि संस्थाने यांना सहभागी होण्यास अवधी मिळावा म्हणून तो पुढे ढकलण्याची दुरुस्ती जयकरांनी सुचविली. सभागृहाला ती रुचली नाही, डॉ. आंबेडकरांनी मात्र आपल्या गाजलेल्या भाषणात एकोप्याची तीच निकड मांडली. पुढे जयकरांनी समितीचे सभासदत्व सोडले. फाळणीमुळे बंगालमधील जागा गमावलेले डॉ. आंबेडकर १९४७ च्या जुलैत पुन्हा घटना समितीत आले ते जयकरांनी रिकाम्या केलेल्या त्याच जागेवरून.

१९४८ साली पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर असताना ते पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. गणेशखिंडीतील गव्हर्नरांच्या वाड्यात नवे विद्यापीठ उभे करण्याचे काम त्यांनी १९५६ पर्यंत केले. योगायोग असा की, १९४८ च्याच १ जून रोजी पुण्याहून अहमदनगरकडे राज्य परिवहनाची पहिली बस निघाली होती.

त्यांनी सुचविलेल्या निधीचा पुढील प्रवास फारसा अभिमानास्पद नाही. दोन आण्यांचे पुढे अडीच आणे झाले आणि दशमान पद्धत आल्यावर लिटरमागे साडेतीन पैसे. मग कित्येक दशके तो आकडा तेथेच थिजला. पेट्रोलवरील एकूण कर मात्र वाढत गेला आणि वाढ सर्वसाधारण तिजोरीत जात राहिली. १९९८ मध्ये पेट्रोलवर आणि १९९९ मध्ये डिझेलवर लिटरला एक रुपया उपकर बसला तेव्हा निधीत जीव आला. २००० साली केंद्रीय रस्ता निधी कायदा संमत झाला आणि डिझेलच्या उपकराचा निम्मा हिस्सा ग्रामीण रस्त्यांसाठी राखला गेला. मोटारवाल्यांच्या पैशातून खेड्यातील रस्ता व्हावा, ही तरतूद खपाच्या प्रमाणातील जुन्या वाटपाची उणीव काही अंशी भरून काढणारी होती. याच कायद्याने उरलेल्या रकमेतील साडेबारा टक्के वाटा रेल्वेमार्गावरील पूल आणि फाटकांसाठी, म्हणजे रेल्वेच्या हाती दिला. २०१८ मध्ये निधीच्या नावात पायाभूत सुविधा हे शब्द आले आणि त्याची व्याप्ती रस्त्यांपलीकडे गेली. तत्पूर्वी, २०१७ मध्ये, रेल्वेचे स्वतंत्र अंदाजपत्रक इतिहासजमा झाले आणि सरकारला लाभांश देण्याचे बंधनही सरले.

२०१६ पासून रेल्वेच्या तिकिटावर प्रवासखर्चाच्या सरासरी ५७ टक्केच रक्कम वसूल होते, अशी नोंद छापली जाऊ लागली. प्रवाशाला मिळणारी सवलत त्याच्या हातात ठेवण्याची ही पद्धत. रस्त्याने जाणाऱ्याला अशी पावती कधी कोणी दिलेली नाही. डांबर, पूल, भूसंपादन, वाहतूक पोलीस, अपघातग्रस्तांवरील सरकारी रुग्णालयांतील उपचार, यांपैकी किती खर्च पेट्रोलच्या करातून निघतो आणि किती इतरांच्या खिशातून, हे पेट्रोलपंपावरच्या पावतीत दिसत नाही. जयकर समितीचा वेगळा निधी हा त्या हिशेबाच्या दिशेने टाकलेला पहिला पाय होता; सरकारे त्याच्या पुढे फार गेली नाहीत.

१० मार्च १९५९ रोजी जयकरांचे मुंबईत निधन झाले. त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र दोन खंडांत त्याच सुमारास प्रसिद्ध झाले. लहानसहान पत्रव्यवहारही त्यांनी जपून ठेवला होता आणि तो त्यात सविस्तर दिला आहे. पण दुसरा खंड १९२५ साली संपतो. रस्त्यांची समिती त्यानंतर दोन वर्षांनी नेमली गेली.